यावर कोणीही बसू नये

कार्डं चार होती आणि मुलं बावीस. सोमवारी सकाळी ताईला एवढंच पक्कं माहीत होतं, आणि शुक्रवारपर्यंत त्यातलंही अर्धं डळमळीत झालं.

नोकरी म्हणावी तर ती अजून नोकरी नव्हती. फिरत्या वाद्यघराची एक गाडी होती. ती दर आठवड्याला एका बालवाडीत चार मुलखांतली चार वाद्यं उतरवायची आणि त्यांच्यासोबत एक माणूस. आधीचं माणूस नवऱ्याची बदली झाली म्हणून गेलं, त्या जागी ताई चाचणीवर आली. शुक्रवारी संचालक बाई स्वतः वर्गात येऊन बसणार होत्या आणि पाहून ठरवणार होत्या, हिला कायम करायचं की घरी पाठवायचं. घरी म्हणजे दादाच्या चष्म्याच्या दुकानात. तिथे तिने दोन वर्षं काढली होती, लोकांना एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावत. दादाने तिचं स्टूल आधीच पुसून ठेवलं होतं. त्यात माया किती आणि अविश्वास किती, हे तिला काही केल्या कळत नव्हतं.

बाईंनी जाताना एकच गोष्ट बजावली होती. "मुलांच्या हातात वाद्य देऊन मोकळं व्हायचं नाही. ते कुठल्या लोकांचं आहे, ते लोक त्याला कसं वागवतात, हे मुलांना कळायला हवं. आवाज काय, स्टीलच्या डब्यातूनही निघतो."

"पण ते कसं वागवतात हे मला..."

"सगळं लिहिलेलं आहे," बाई म्हणाल्या आणि फोनवर बोलायला लागल्या.

आणि खरंच लिहिलेलं होतं. गाडीत तिने पाहिलं, प्रत्येक वाद्याला सुतळीने एक कार्ड बांधलेलं होतं. अक्षर ठसठशीत, एका रेषेत, लिहिणाऱ्याने जीव ओतलेला.

लाकडाचं एक खोकं होतं, माणसाच्या गुडघ्याएवढं, एका बाजूला वाटोळं भोक. त्यावर: 'यावर कोणीही बसू नये. तोंड भिंतीकडे ठेवावे.' वाळलेल्या भोपळ्याला तारा लावून केलेलं एक वाद्य होतं. त्यावर: 'एकटे सोडू नये. शेजारी पाण्याची वाटी असावी.' काशाची मोठी थाळ होती, टांगून ठोकायची. त्यावर: 'वाजवण्यापूर्वी सर्वांना सांगावे.' आणि बोरूचे दोन पावे: 'एकमेकांपासून दूर करू नये.'

ताईला भरून आलं. काय लोक असतील, तिला वाटलं. भोपळ्यालाही एकटं सोडत नाहीत.

वर्गात गेल्यावर तिने ते सगळं मुलांना सांगितलं, आणि चार वर्षांच्या मुलांना सांगताना जी भर घालावी लागते तीही घातली: भोपळा डोंगरातल्या लोकांचा, थाळ एका बेटावरची. "समुद्रापलीकडे एक मुलूख आहे. तिथले लोक या खोक्याला इतका मान देतात, की त्यावर कोणीही बसत नाही."

पहिल्या रांगेत एक मुलगी होती, जिला वर्गाच्या बाईसुद्धा वकीलीण म्हणायच्या. तिने हात वर केला. "मग ते कशावर बसतात?"

"खुर्चीवर."

"त्यांच्याकडे खुर्च्या आहेत?"

"आहेत ना."

"खुर्च्या असताना खोक्यावर कोण बसेल?"

ताई पुढच्या ओळीवर गेली. "आणि त्याचं तोंड नेहमी भिंतीकडे असतं."

"का? रुसलंय?"

"नाही. विचार करतंय."

बावीस मुलं खोक्याच्या पाठीकडे बघत गप्प बसली. वर्गाच्या बाई नंतर म्हणाल्या की जूनपासून हा वर्ग एवढा गप्प त्यांनी पाहिला नव्हता, आणि हे खोकं कायमचं ठेवता येईल का.

वाजवायची वेळ आली तेव्हा थोडी पंचाईत झाली. बसायचं नाही, तोंड भिंतीकडे, म्हणजे उरला वरचा भाग. मुलांनी एकेक करून उभ्यानेच, वाकून, दोन बोटांनी त्यावर टकटक केली. आवाज असा यायचा की कोणीतरी भिडस्त पाहुणा दारात उभा आहे. भोंगा नावाचा एक मुलगा होता (रडायला लागला की शेजारच्या कारखान्यातली माणसं जेवायला सुटायची, म्हणून भोंगा), तो प्रत्येक टकटकीला म्हणायचा, "या, आत या."

खरी अडचण सुटीच्या वेळी आली. घंटा झाली, दप्तरं पाठीवर गेली, आणि वकीलीण भोपळ्याशेजारी मांडी घालून बसली.

"चल गं," तिची आई दारातून म्हणाली.

"मी जाऊ शकत नाही. याला एकटं सोडत नाहीत."

"कोण सोडत नाही?"

"त्याची माणसं."

"कुठायत त्याची माणसं?"

"डोंगरात. म्हणून तर मी बसलेय."

आईने ताईकडे पाहिलं. ताईने वर्गाच्या बाईंकडे पाहिलं. वर्गाच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. शेवटी झाडूवाल्या मावशींनी, मी पाच वाजेपर्यंत आहे आणि रात्री राखणदार असतो, असं भोपळ्याला तोंडावर सांगितलं, तेव्हा वकीलीण उठली. जाताना वाटीतलं पाणी ताजं आहे का ते बोट घालून बघितलं.

मंगळवारी थाळ. वाजवण्यापूर्वी सर्वांना सांगावे. ताईच्या डोक्यात 'सर्वांना' म्हणजे वर्गातल्या सर्वांना. मुलांच्या डोक्यात तशी काही मर्यादा नव्हती. दोन-दोनच्या रांगेने वर्ग निघाला. शेजारचा शिंपी, पलीकडचा सायकलवाला, पत्रं घेऊन आलेला पोस्टमन, दुसऱ्या मजल्यावरच्या, बाहेर न पडणाऱ्या आजी, सगळ्यांना सांगून झालं की आता आम्ही एक थाळ वाजवणार आहोत. शिंपी खुर्ची घेऊनच बाहेर आला. हे सगळं होईपर्यंत पाऊण तास गेला. मग वर्गात येऊन भोंग्याने थाळ एकदा वाजवली. आवाज गोल गोल फिरत राहिला, खिडकीची काच थरथरली. फार सुंदर झालं.

"आता परत," ताई म्हणाली.

"परत सांगायला लागेल," वकीलीण म्हणाली, आणि रांग लावायला उठली.

दिवसभरात थाळ दोनदा वाजली. रस्त्यावरची माणसं म्हणाली, कार्यक्रम चांगला होता, पण थोडा लांबला.

पाव्यांचं तर विचारूच नका. दोन मुलांच्या हातात दोन पावे, आणि एकमेकांपासून दूर करायचे नाहीत. एकाला शू लागली की दुसराही जायचा. एकाला शिंक आली की दुसरा जवळ उभा राहायचा. ताईला वाटलं, आपण हे असं का करतोय? पण मुलं एकमेकांना ढकलत नव्हती, काही फेकत नव्हती, ओरडत नव्हती. आणि कार्डावर तर तेच लिहिलं होतं.

बुधवारी भोंग्याचे आजोबा त्याला सोडायला आले. रोज ते फाटकातूनच परत जायचे. त्या दिवशी पाऊस होता म्हणून वर्गापर्यंत आले, छत्री मिटली, आणि खोक्याकडे बघत थांबले. छत्रीचं पाणी त्यांच्या बुटात गळत होतं, त्यांना पत्ता नव्हता.

"हे आमच्याकडचं आहे," ते म्हणाले.

ताईला आनंद झाला. "मग या ना आजोबा, सांगा मुलांना."

पण आजोबांनी तोंड उघडायच्या आत वकीलीण उठली आणि तिने त्यांनाच सगळं समजावलं. यावर बसत नाहीत. याचं तोंड भिंतीकडे असतं, कारण ते विचार करतं. उभ्याने वाजवायचं, दोन बोटांनी. आजोबा मान हलवत ऐकत होते, जसं माणूस डॉक्टरचं ऐकतो.

"बरोबर आहे ना आजोबा?" ताईने विचारलं.

आजोबांनी मिटलेली छत्री भिंतीला टेकवली. "असेल ताई. मी सहा वर्षांचा असताना तिथून निघालो. आमच्या घरी जरा वेगळं होतं." त्यांनी नातवाकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "पण आम्ही साधी माणसं. चांगल्या घरातल्या रीती आम्हाला कुठून माहीत असणार?"

आणि मग त्यांनी खोक्याला हात लावण्याआधी हात रुमालाला पुसले, उभ्याने वाकले, आणि दोन बोटांनी टकटक केली.

"या, आत या," भोंगा म्हणाला.

ताईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुरुवारी भोपळ्याची एक तार तुटली, म्हणून वाद्यघरातून कोठीवाले काका आले. वाद्यघराची कोठी सांभाळायला लागून त्यांना अकरा वर्षं झाली होती आणि त्यातली बहुतेक लोकांना ओरडण्यात गेली होती. ते वर्गात शिरले आणि उंबऱ्यावरच थबकले. खोकं भिंतीकडे तोंड करून. भोपळ्याशेजारी वाटी, वाटीत पाणी, आणि एक मूल राखणीला. पाव्यांना धरून दोन मुलं, खांद्याला खांदा लावून. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "अकरा वर्षं लिहितोय मी ही कार्डं. वाचली कोणीच नव्हती."

"तुम्ही लिहिलीत?" ताई म्हणाली.

"मग कोण लिहिणार?"

"तुम्ही... समुद्रापलीकडे जाऊन आलात?"

"मी? मला पुलावरसुद्धा गरगरतं."

ताई खाली बसली. खोक्यावर नाही, लहान मुलांच्या खुर्चीवर, त्यामुळे तिचे गुडघे हनुवटीला लागले. "काका, त्यावर बसायचं नाही, ते का?"

"गाडीतली हमाल मंडळी त्यावर बसून चहा पितात. डाग बघा कसले पडलेत."

"तोंड भिंतीकडे?"

"भोकात केळ्याची सालं टाकतात. ऑफिसातली शिकलेली माणसं. एकदा आत एक मोजा निघाला."

"भोपळा एकटा नाही सोडायचा?"

"घरंगळतो. पाणी, कारण हवा कोरडी असली की तडकतो. पावे एकत्र, कारण एक हरवला की दुसरा कोणी मागत नाही."

"आणि थाळ?"

"आपल्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत," काका म्हणाले. "न सांगता वाजवली होती एकदा. भलताच दात गेला."

ताईने डोळे मिटले. "आणि त्या लोकांच्या रीती? त्या कुठे लिहिल्यात?"

"ती फाइल वेगळी. निळी. तुमच्या आधीच्या ताईंकडे होती. नाहीतर कोठीचं दार लागू नये म्हणून मी खाली एक फाइल लावलीय, ती असेल."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. दाराखालची फाइल हिरवी होती. तिच्यात गाडीच्या टायरची माहिती होती.

आता काय करायचं? ताईने दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजू सारख्याच अंगावर आल्या. सांगितलं तर शुक्रवारीच खेळ खलास. नाही सांगितलं तर मुलं खूश, वर्गाच्या बाई खूश, शिंपी खूश, काका तर गेल्या अकरा वर्षांत नव्हते एवढे खूश. चुकलं कोणाचं काय? एका खोक्याची पाठ चार दिवस आपल्याकडे होती, एवढंच. आजोबांचं तेवढं तिला आठवायचं, पण आजोबा तर स्वतःच म्हणाले होते, असेल. दादाने विचारलं, "उद्या कसं होईल?" ती म्हणाली, "छान होईल," आणि छान होण्याचीच तिला भीती वाटत होती.

शुक्रवार छान झाला. संचालक बाई वही घेऊन मागे बसल्या. कोठीवाले काका, बोलावलं नसताना, इस्त्रीचा शर्ट घालून आले. पाव्यांची जोडी पावलाला पाऊल लावून पुढे आली आणि तशीच मागे गेली. रस्त्याला सांगून झालं. थाळ वाजली. खोक्यावर टकटक झाली, भोंगा म्हणाला या, आणि बाई खरंच उठायला लागल्या होत्या. मग हसल्या आणि वहीत भराभर लिहायला लागल्या. वहीचं पान उलटलं, तेही भरलं. ताईने दुरून पाहिलं, एका शब्दाखाली दोन रेघा होत्या.

"ही चार वर्षांची मुलं दुसऱ्यांच्या वस्तूशी एवढं अदबीने वागतात," बाई वर्गाच्या बाईंना म्हणाल्या, "हे मी कुठेच पाहिलं नाही." मग दाराशी उभ्या आजोबांकडे वळल्या. "तुम्ही तिकडचेच ना? मुलांनी बरोबर केलं?"

"आमच्यापेक्षा चांगलं केलं," आजोबा म्हणाले.

"तुमच्या घरी कोण वाजवायचं?"

"आई."

"कशी वाजवायची?"

आजोबांनी भिंतीकडे तोंड केलेल्या खोक्याकडे पाहिलं, मग नातवाकडे. "आठवत नाही," ते म्हणाले.

त्यांना आठवत होतं. हे वर्गात फक्त ताईला कळलं. दोन वर्षं लोकांना अक्षरं वाचायला लावलेल्या माणसाला समोरचा दिसत असून नाही म्हणतोय हे लगेच कळतं. त्यांना आईची लाज वाटत होती. कोठीवाल्या काकांच्या दोन ओळींमुळे, ज्या हमालांसाठी होत्या.

"आजोबा," ताई म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला. "ते कार्ड तुमच्याकडच्या लोकांनी लिहिलेलं नाही. आमच्या कोठीवाल्या काकांनी लिहिलंय. लोक त्यावर बसून चहा पितात म्हणून. मी न विचारताच तुमची रीत म्हणून सांगितलं. मला तुमची रीत माहीत नाही."

बाईंचं पेन थांबलं. काका स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले. वर्गात जी शांतता पसरली ती सोमवारच्यापेक्षाही चांगल्या प्रतीची होती.

"म्हणजे बसायचं का नाही?" वकीलीण म्हणाली.

"आजोबांना विचार."

बावीस मुलं आजोबांकडे वळली. आजोबांनी दोनदा घसा खाकरला. "आई बसायची," ते म्हणाले. "त्यावरच बसायची. दोन्ही पाय दोन बाजूंना सोडून. त्याशिवाय ते वाजतच नाही."

"दाखवा ना," ताई म्हणाली.

आजोबा पुढे आले. खोकं फिरवावं लागलं, इतके दिवस भिंतीकडे असलेलं भोक आता वर्गाकडे आलं आणि पहिली रांग दचकून मागे सरकली. मग आजोबा बसले. भोंग्याने तोंड उघडलं, आणि शेजारच्या कारखान्यात माणसं वेळेआधी जेवायला उठली असणार. काकांनी डोळे घट्ट मिटले. आजोबांनी वाकून दोन्ही तळव्यांनी पायांमधल्या फळीवर थाप मारली, आणि भोकातून असा आवाज आला की भोंगा मध्येच थांबला.

त्यांना वाजवता येत नव्हतं. सहाव्या वर्षी निघालेल्या माणसाला कितीसं येणार. चार थापा बरोबर पडायच्या, पाचवी हरवायची, मग ते थांबायचे, आठवायचे, पहिल्यापासून सुरू करायचे. पाचवी काही सापडली नाही. तरी ते वाजवत होते आणि मध्येच म्हणाले, "हे बहुतेक आईचं नाही. शेजारणीचं आहे." मग म्हणाले, "नाही, आईचंच."

भोंगा त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. "मला बसायचंय," तो म्हणाला. काकांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, पण शब्द नाही.

बाईंनी ताईला व्हरांड्यात बोलावलं. आतून थापा येत होत्या, आता लहान हातांच्या, आणि बावीस मुलांची रांग कोणाच्या मागे कोण यावरून भांडत होती. आठवड्यातलं पहिलं भांडण. ताईने हात मागे बांधले.

"चार दिवस चुकीचं शिकवलंत," बाई म्हणाल्या.

"हो."

"विचारलं का नाहीत?"

"तुम्ही फोनवर होतात," ताई म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं की आता आपल्याला गमावायला काही उरलेलं नाही. ते एक बरं होतं.

बाईंनी वही उघडली. दोन रेघांचा शब्द खोडला. मग खोडलेल्यावर टिंबं काढली, म्हणजे खोडलेलं धरू नये. मग वही मिटली. "तुम्हाला कायम करता येत नाही. आणि काढताही येत नाही. जे मी आत पाहिलं, त्याला आमच्या फॉर्मात रकानाच नाही." त्या थोडा वेळ आतलं ऐकत राहिल्या. "सोमवारी परत याच वर्गात या. आणखी एक आठवडा. खोक्याचं आजोबा सांगतील. बाकीच्या तिन्हींचं खरंखुरं सांगणारं माणूस शोधून आणा. फाइल नको. माणूस."

"आणि मिळालं तर मी कायम?"

"मिळालं तर कायम."

"आणि ते माणूस म्हणालं, भोपळ्याला खरंच एकटं सोडत नाहीत, तर?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. वही काखेत मारली आणि त्या गाडीकडे गेल्या.

ताई फाटकाबाहेर आली. तिच्याकडे दोन दिवस होते, एक भोपळा, एक थाळ, दोन पावे, आणि डोंगर कुठला, बेट कुठलं, याचा काडीचा पत्ता नाही. सुरुवात कुठून करतात? कोपऱ्यावर एक म्हातारा चाव्या घासत बसला होता. या भागात तोच तिला सगळ्यात लांबून आल्यासारखा दिसला. त्याला तसं का म्हणावं, हे तिला सांगता आलं नसतं.

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "काका, तुम्ही मूळचे कुठले?"

म्हाताऱ्याने कानस थांबवली आणि तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"का गं पोरी," तो म्हणाला, "काय हरवलंय?"